नवी मंडळी सुरू करताना : मूळ गट कसा उभारावा

चाकण किंवा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीजवळ नोकरीनिमित्त स्थायिक झालेली दहा-बारा मराठी ख्रिस्ती कुटुंबे डोळ्यांसमोर आणा. त्यांची मूळ गावे नगर, जालना, सोलापूर या भागांतील असतात, गावच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सभासद-यादीत त्यांची नावे अजून असतात, आणि मराठी उपासनेचे सर्वांत जवळचे चर्च वीस-पंचवीस किलोमीटरवर असल्यामुळे मुलाबाळांना घेऊन तिथे जाणे महिन्यातून एखाद्या रविवारी जमते. अशा वस्तीत कधीतरी, बहुधा एखाद्या बारशाच्या जेवणानंतर, कोणीतरी म्हणते, “इथेच आपली मंडळी का सुरू करू नये?” हा विचार योग्यच असतो. चूक त्याच्या पुढच्या आठवड्यात होते, कारण सगळे जण हॉल शोधायला, बॅनर छापायला आणि स्पीकरचे भाव काढायला लागतात. ही मंडळी पहिली दोन वर्षे कोणाच्या खांद्यावर उभी राहणार, हा प्रश्न मागेच राहतो.

ज्याला आपण सर्रास ‘कोअर टीम’ म्हणतो, त्या मूळ गटाबद्दलच हे लेखन आहे. पहिले सहा महिने हॉल घेऊ नये, गटच घडवावा, असे आमची मंडळी सुरू करताना आलेल्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत आहे. प्रभू येशूने बारा जणांना नेमले तेव्हा त्यांनी आपल्याबरोबर असावे हा हेतू मार्काने आधी सांगितला आहे आणि उपदेशाला पाठवण्याचा नंतर (मार्क ३:१४). आपण हा क्रम सहसा उलटा करतो.

बोलावण्यापूर्वी ठरवायच्या गोष्टी

गटासाठी माणसे पाहण्यापूर्वी पुढाकार घेणाऱ्या दोघातिघांनी तीन बाबी कागदावर मांडाव्यात, कारण पुढे येणारा प्रत्येक समंजस माणूस त्याच विचारणार आहे.

पहिली बाब, ही मंडळी कोणासाठी आहे. ‘सर्वांसाठी’ हे उत्तर खरे असले तरी त्यातून काम ठरत नाही. आईवडील मराठीत प्रार्थना करतात आणि इंग्रजी माध्यमात शिकणारी त्यांची मुले देवनागरी बायबल अडखळत वाचतात, अशी घरे बहुसंख्य असतील, तर संडेस्कूल कोणत्या भाषेत घ्यायचे हे आधीच ठरवावे लागते आणि त्यानुसार गटात कोण हवे हेही बदलते.

दुसरी बाब, ही मंडळी कोणाच्या छत्राखाली असेल. महाराष्ट्रातील बऱ्याच जुन्या मराठी मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत. त्या चौकटीत नवी उपासना सुरू करायची असेल तर पास्टोरेट कमिटी (स्थानिक मंडळीची कार्यकारी समिती) आणि डायोसिस (बिशपच्या देखरेखीखालचा विभाग) यांच्याशी बोलणे आधी झाले पाहिजे. मेथडिस्ट व अन्य संप्रदायांतही ज्याची-त्याची रीत आहे. स्वतंत्र मंडळी काढणाऱ्यांना परवानगी लागत नाही म्हणून ते खूश असतात, पण त्यांच्यासमोर लवकरच दोन प्रश्न येतात : लग्न कोण लावणार आणि माती कुठे होणार? १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्न लावण्याचा अधिकार सरसकट कोणत्याही उपदेशकाला नसतो, आणि दफनभूमीत जागा देण्याचा निर्णय अनेक ठिकाणी जुन्या मंडळ्यांच्या किंवा त्यांच्या समित्यांच्या हातात असतो. वयस्क माणसे नव्या मंडळीत यायला कचरतात त्याला उत्साहाचा अभाव कारण नसतो. ज्या मंडळीच्या दफनभूमीत पत्नी विसावली आहे तिचे सभासदत्व सोडणे त्यांना जड जाते. त्यांना जुने सभासदत्व ठेवून नव्या कामात सहभागी होता येईल का, हे पहिल्याच बैठकीत सांगावे. आमच्याकडे ते सांगायला वर्ष लागले आणि तोवर दोन अनुभवी घरे दुरावली होती.

तिसरी बाब, पूर्णवेळ पाळक (पास्टर) असणार की नाही. गट पाळकासाठी उभा राहिला तर पाळकाच्या बदलीबरोबर तो विस्कटतो. म्हणून पाळक ठरलेला असला तरी गटाला बोलावताना त्याच्या नावाने बोलावू नये, कामाच्या नावाने बोलावावे.

कोणाला बोलवावे, कोणाला थांबवावे

नव्या मंडळीची बातमी पसरली की सर्वांत आधी नाराज माणसे येतात. कोणाला जुन्या मंडळीत वडीलपद (मंडळीच्या कारभाऱ्याचे पद) मिळाले नाही, कोणाच्या मुलीला कोयरमधून वगळले, कोणाचे खजिनदाराशी वाजले. ही माणसे कामसू असतात, पहिल्या दिवसापासून वेळ देतात, आणि त्यामुळेच मोह होतो. आमच्या पहिल्या प्रयत्नात नऊपैकी सहा जण एकाच मंडळीतून रागाने बाहेर पडलेले होते. चार महिने सगळे सुरळीत चालले, कारण बोलायला समान विषय होता. मग जुन्या मंडळीत निवडणूक झाली, त्यांच्या मनासारखे लोक निवडून आले, आणि एका महिन्यात पाच जण परत गेले. त्यांना मी दोष देत नाही. ते कधी आलेच नव्हते, हे मला ओळखता आले नाही एवढेच.

यावरून आम्ही एक साधा नियम केला. दुसऱ्या मंडळीतून येणाऱ्याने तिथल्या पाळकांना स्वतः भेटून सांगावे आणि शक्य असल्यास सभासदत्वाचे पत्र घेऊन यावे. ज्याला ही भेट घेववत नाही त्याने उपासनेला जरूर यावे, मात्र वर्षभर मूळ गटात येऊ नये. या नियमामुळे शेजारच्या मंडळ्यांशी संबंध चांगले राहिले, आणि पुढे एका पाळकसाहेबांनी स्वतःहून दोन कुटुंबे प्रार्थनापूर्वक आमच्याकडे पाठवली. अंत्युखिया या प्राचीन शहरातील मंडळीनेही आपली उत्तम माणसे, बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल), उपास व प्रार्थना करून पाठवली होती, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात आहे. त्याच ठिकाणी तिथल्या पाच संदेष्ट्यांची व शिक्षकांची नावे दिली आहेत, आणि ती यादी नवी मंडळी काढणाऱ्याने सावकाश वाचावी : कुप्रचा बर्णबा, निगेर म्हटलेला शिमोन, कुरेनेकर लूक्य, मांडलिक राजा हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन आणि तार्सचा शौल. वेगवेगळ्या प्रांतांची, वेगवेगळ्या पायऱ्यांवरची माणसे.

आपल्याकडे याच्या उलट घडते. मराठी ख्रिस्ती समाज लहान, सोयरसंबंध दाट. त्यामुळे दोन भाऊ, एकाचा मेहुणा आणि मेहुण्याचा व्याही असा गट सहज तयार होतो आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही. मग एखादा निर्णय बैठकीत होत नाही, तो आदल्या रात्री जेवणाच्या पाटावर होतो. नातलग नकोत असे म्हणणे अव्यवहार्य आहे. पण एका घराण्यातून दोघांपेक्षा अधिक नकोत आणि पाळकाच्या घरातील कोणीही हिशेबाला नको, एवढे तरी पाळावे. गावाचेही तसेच आहे. सगळे एकाच तालुक्यातले असतील तर दुसऱ्या भागातून आलेले कुटुंब वर्षभर पाहुणेच राहते.

पती-पत्नींशी एकत्र बोलावे, हे मी अनुभवाने शिकलो. नवरा उत्साहाने हो म्हणतो. गृहसभेला वीस माणसांचा चहा करायचा असतो तो मात्र बायकोला. तिची संमती गृहीत धरलेली बांधिलकी पहिल्या पावसाळ्यापलीकडे टिकत नाही. आणि भगिनींना चहापुरते ठेवू नये. आपल्याकडे परिचारिका आणि शिक्षिका म्हणून नोकरी करणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. नोंदी ठेवणे, आजाऱ्यांना भेटणे, मुलांना शिकवणे यांत त्यांचा हात धरणारा पुरुष मला क्वचितच भेटला. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौलाने ज्यांची नावे घेतली आहेत त्यांत फिबी, प्रिस्का, मरीया अशी नावे किती आहेत ते मोजून पाहावे.

संख्येबद्दल विचारणा होते. पाच-सहा घरांतील आठ ते बारा प्रौढ माणसे पुरेशी असतात. कमी लोक असल्याची लाज वाटू देऊ नये. गिदोनाच्या बत्तीस हजार सैनिकांतून तीनशेच उरले होते (शास्ते ७), आणि पहिले बावीस हजार तर ‘भीती वाटत असेल त्याने घरी जावे’ एवढ्या एका वाक्याने गेले. हे वाक्य आपणही मोकळेपणाने उच्चारावे, आणि जाणाऱ्याला जाताना संकोच वाटणार नाही अशा रीतीने उच्चारावे.

पद नंतर, काम आधी

सेवकांची आधी पारख व्हावी, मग त्यांनी सेवा करावी, असे पौल तीमथ्याला सांगतो (१ तीमथ्य ३:१०). ही पारख मुलाखतीने होत नाही. आठवड्याला एक गृहसभा सुरू करावी, दर वेळी घर बदलावे, आणि तीन महिने कोणालाही ‘सेक्रेटरी’, ‘खजिनदार’, ‘लीडर’ म्हणू नये. फक्त कामे वाटावीत आणि पाहावे.

काय पाहावे, ते एका संध्याकाळच्या उदाहरणाने सांगतो. सभा सातची होती. एक बंधू साडेसहालाच आले, सोफा भिंतीला लावला, सतरंजी अंथरली, गीतांची पुस्तके मोजून ठेवली आणि दाराशी चपलांच्या दोन ओळी करून दिल्या, कारण शेजारच्या फ्लॅटच्या दारापर्यंत चपला गेल्याची तक्रार मागच्या सभेला झाली होती. दुसरे बंधू सव्वासातला आले. त्यांनी अतिशय भावपूर्ण प्रार्थना केली, सगळ्यांचे डोळे पाणावले, आणि शेवटच्या आमेननंतर दहा मिनिटांत ते निघून गेले. त्या रात्री सतरंजी घडी करताना पहिल्या बंधूंबरोबर अकरावीतला एक मुलगा होता, ज्याला कोणी काहीच सांगितले नव्हते. मूळ गटासाठी मी त्या रात्री दोन नावे वहीत लिहिली. सुंदर प्रार्थना करणाऱ्या बंधूंचे नाव लिहिले नाही. त्यांचे दान खरे आहे आणि मंडळीला ते हवेच आहे. पण शेजाऱ्याच्या तक्रारीची आठवण ठेवणारा माणूस मूळ गटाला अधिक गरजेचा आहे.

तीन महिन्यांत आणखी एक गोष्ट दिसते : सांगितलेले काम जमणार नसेल तर माणूस आधी कळवतो की नंतर कारण सांगतो. आधी कळवणाऱ्यावर भार टाकता येतो. आणि कानावर आलेली गोष्ट कुठवर जाते, हेही याच काळात कळते. प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली दुसऱ्याच्या घरातले भांडण चार घरी पोहोचवणाऱ्याला, तो कितीही राबत असला तरी, गटात घेऊ नये.

बांधिलकी तोंडी नको, मुदतीशिवायही नको

तीन महिन्यांनंतर निवडलेल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन बोलावे. सर्वांसमोर उभे करून “कोण कोण तयार आहे?” असे विचारले की भिडेखातर हात वर होतात, आणि भिडेचा हात लवकर खाली येतो. घरी बोलताना एक पानाचे संकल्पपत्र बरोबर न्यावे, आठवडाभर त्यांच्याकडे ठेवावे आणि मगच सही घ्यावी. त्यात मोठमोठी वाक्ये नसावीत. महिन्यातील किमान तीन उपासनांना हजर राहीन. पंधरवड्याच्या गट-बैठकीला येईन. अमुक एक काम माझे. अर्पण नियमित देईन. गटातील बोलणे गटाबाहेर नेणार नाही. मतभेद झाल्यास त्या व्यक्तीशी आधी बोलेन. आणि ही जबाबदारी एका वर्षाची आहे, त्यानंतर मी मोकळेपणाने थांबू शकतो. शेवटचे कलम अनेकांना खटकते, “देवाचे काम काय कंत्राटावर करायचे?” असे म्हणतात. मुदत नसल्यामुळेच माणसे नकार देतात किंवा न सांगता गळतात, हे मी पुरेसे पाहिले आहे.

हजेरीच्या कलमाबाबत परिसर पाहून ठरवावे. पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी कामाचा दिवस असतो, आणि पाळी दर आठवड्याला बदलते. रुग्णालयातील भगिनींची ड्युटी तर महिन्याच्या तक्त्यावर चालते. अशा माणसाला ‘दर रविवारी सकाळी नऊला’ ही अट घातली की तुम्ही त्याला पहिल्याच दिवशी खोटे ठरवता. आमची गट-बैठक गुरुवारी संध्याकाळी होते आणि उपासना रविवारी संध्याकाळी. पहिल्या पाळीचा माणूस येऊ शकतो, रात्रपाळीचा येऊन मग कामाला जातो. दुसऱ्या पाळीवाल्यांची अडचण आजही सुटलेली नाही.

पैशाची वही

अहमदनगरला १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. त्या आणि इतर मिशनांच्या काळात इमारत, शाळा, पाळकाचा पगार, सगळे मिशनकडून येई. त्या कामाचे उपकार आपण विसरू नयेत; मात्र ‘मिशन बघेल’ ही सवय आपल्या हाडीमासी राहिली आहे, आणि आता मिशनच्या जागी ‘बाहेरचा फंड’ हा शब्द आला आहे. मूळ गटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीतच खर्चाचा आकडा फळ्यावर लिहावा : हॉलचे भाडे, प्रभुभोजनाचे साहित्य, संडेस्कूलची पुस्तके, पाळकाचा प्रवासखर्च. मग गटातील घरे मिळून महिन्याला किती देऊ शकतील ते चिठ्ठीवर, नाव न घालता, लिहून घ्यावे आणि बेरीज करावी. बेरीज भाड्याइतकीही होत नसेल तर हॉल घेण्याची वेळ आलेली नाही. बुरूज बांधू इच्छिणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, हे प्रभूचेच बोलणे आहे (लूक १४:२८). परदेशातील नातलग किंवा मंडळी पैसे पाठवू म्हणाले तर २०१० च्या परकीय अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी असल्याशिवाय संस्थेने ते घेऊ नयेत. कोणाच्या वैयक्तिक खात्यात मागवण्याची पळवाट तर मुळीच काढू नये.

अर्पण मोजण्याची रीत पहिल्या दिवसापासून लावावी. उपासना संपताच, त्याच जागी, एका घरातील नसलेल्या दोघांनी थैली उघडावी, नोटा आणि नाणी वेगळी मोजावीत, आकडा वहीत अक्षरी लिहावा आणि दोघांनी सही करावी. पंधरा मिनिटे लागतात. तीनशे चाळीस रुपयांसाठी एवढा सोहळा कशाला, असे आमच्याकडेही म्हटले गेले. तीनशे चाळिसाच्या वेळी जे जमले नाही ते चाळीस हजारांच्या वेळी जमणार नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमलेला निधी नेताना पौलाने आपल्याबरोबर दुसरी माणसे घेतली होती, कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून (२ करिंथ ८:२०-२१).

नोंदणी घाईने करू नये, पण तिचे ज्ञान गटात एकाला तरी असावे. संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. राज्यातील कितीतरी मंडळ्यांचे वाद या न भरलेल्या चेंज रिपोर्टपाशी अडलेले असतात. म्हणून विश्वस्त म्हणून ज्यांची नावे जातील ती गटातील सर्वांत ‘मोठी’ माणसे नसली तरी चालेल; कागद वेळेवर करणारी हवीत.

गटात तक्रार आली तर

ती येणारच. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत ग्रीकभाषी विधवांना रोजच्या वाटणीत डावलले जाते, अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी ती दडपली नाही. सात जण निवडण्यास सांगितले, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार, त्यांच्या माणसांच्या हाती वाटप गेले. आमच्या गटात तरुणांनी गीतांबद्दल तक्रार केली की जुनीच गीते, जुन्याच चाली. महिन्यातील एका उपासनेची गीते त्यांच्याकडे सोपवली. त्यांनी पहिल्याच वेळी नारायण वामन टिळकांचे पद निवडले आणि ते गिटारवर बसवले. वृद्ध मंडळी थोडी चुळबुळली, पण शब्द पाठ असल्यामुळे गायली.

शेजाऱ्यांच्या तक्रारीला मात्र वेगळे उत्तर लागते. घरगुती सभेचा आवाज बाहेर जाऊ देऊ नये, सोसायटीच्या अध्यक्षांना सभेबद्दल आधी सांगावे, आणि कोणालाही पैसा, नोकरी किंवा बरे होण्याची हमी देऊन बोलावले जाणार नाही, हे गटाने एकमुखाने ठरवून प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगावे. गटातील एकाचे उतावीळ बोलणे सगळ्यांना भोवते.

पहिली उपासना आणि पहिले वर्ष

सहा महिने गृहसभा सुरळीत चालल्या, बेरीज जुळली, कामे वाटली गेली, की जाहीर उपासनेचा रविवार ठरवावा. त्याआधी सलग चार रविवार गटानेच रिकाम्या खुर्च्यांसमोर पूर्ण उपासना करून पाहावी. या सरावात माइक कोण लावतो, लहान मुले उपदेशाच्या वेळी कुठे बसतात, प्रभुभोजनाचे पेले कोण धुतो, सगळे उघडे पडते. आमच्या दुसऱ्या सरावात हॉलची किल्लीच कोणाकडे नव्हती आणि बारा माणसे जिन्यात उभी राहून गात होती.

वर्ष पूर्ण होताच संकल्पपत्रे परत काढावीत आणि पुन्हा प्रत्येकाच्या घरी जावे. कोणी थांबू इच्छितो, त्याचे कारण खोदून काढू नये. उपासनेत सर्वांसमोर त्याचे आभार मानावेत आणि त्याचे काम ज्याच्याकडे जाणार त्याला महिनाभर त्याच्यासोबत ठेवावे. आमच्याकडे पहिल्या वर्षाअखेर अकरापैकी तिघे थांबले. सतरंज्यांच्या कपाटाची किल्ली आता त्या अकरावीतल्या मुलाकडे आहे. तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि गेल्या महिन्यात त्याने विचारले की परीक्षेच्या दोन रविवारी किल्ली कोणाकडे ठेवू.